सेल्फ लागत नाही, तेव्हा करंट नेमका कुठं अडतो?

रत्नागिरीहून कोल्हापूरला परतताना आंबा घाट चढून वर आलो आणि चहाला थांबलो. एप्रिलची दुपार होती. वीस मिनिटांनी गाडीत बसून किल्ली फिरवली, तर डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख आणि इंजिन गप्प. बॉनेटखालून एक बारीकशी ‘टिक’ ऐकू आली, तेवढीच. पुन्हा फिरवली, पुन्हा टिक. शेवटी टपरीवरच्या दोन पोरांनी धक्का दिला, मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि गाडी चालू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिल्याच फटक्यात सेल्फ घेतला, जणू काही झालंच नव्हतं.

पुढच्या दोन महिन्यांत मी नवी बॅटरी बसवली. तीन आठवडे गाडी छान चालली आणि मग पुन्हा तेच. मग स्टार्टर, म्हणजे इंजिनला पहिला फिरवा देणारी छोटी मोटार, उतरवून घेतला, त्याचे झिजणारे कार्बन आणि बुश बदलले. दहा-बारा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त छळलं ते एका प्रश्नाने: दोन्ही दुरुस्त्या चुकीच्या होत्या, तर दोन्ही वेळा गाडी काही दिवस बरी कशी झाली? या प्रश्नाचं उत्तर सापडलं तेव्हा कुठं मला सेल्फची वायरिंग कळली. ज्यांच्या गाड्या असा त्रास देतात त्यांच्यासाठी ते सगळं इथं लिहितो आहे.

सेल्फच्या कामात करंटचे दोन वेगळे रस्ते असतात, ही गोष्ट सर्वांत आधी डोक्यात बसवायला हवी. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. हिरवं बटण दाबताना आपल्या बोटाखालून मोटारीचा सगळा करंट जात नाही. बटणातून जातो तो थोडासा करंट. तो आतल्या कॉइलला मिळतो, कॉइल लोहचुंबक होते, ‘ठक’ करून पट्ट्या ओढते आणि मग त्या पट्ट्यांमधून मोटारीचा खरा करंट वाहतो. गावात व्होल्टेज कमी असलं की तोच स्टार्टर नुसता फडफडतो आणि पट्ट्या धरत नाही, हेही सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गाडीत हुबेहूब असंच असतं.

गाडीतली जाड वायर बॅटरीवरून थेट स्टार्टरवर येते. लहान पेट्रोल गाडीतसुद्धा इंजिन फिरवताना तिच्यातून शंभर-दीडशे अँपिअर जातात, डिझेलला त्याहून जास्त. एवढा करंट किल्लीच्या स्विचमधून नेला तर स्विच जळून जाईल. म्हणून स्टार्टरच्या पाठीवर एक छोटं नळकांडं बसवलेलं असतं, त्याला सोलेनॉइड म्हणतात. त्याला एक बारीक वायर येते. किल्ली फिरवली की या बारीक वायरीतून हुकूम येतो, सोलेनॉइड आतला दांडा ओढतं आणि एका ओढीत दोन कामं करतं: स्टार्टरचं छोटं दातेरी चाक पुढं ढकलून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकवतं आणि जाड वायरीचा जोड जुळवून मोटारला करंट देतं.

एवढ्याशा मोटारीने अख्खं इंजिन फिरतं याचं मला अजूनही नवल वाटतं. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला, त्याआधी पुढून हँडल मारावं लागायचं. केटरिंग यांनी त्यापूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवली होती. मोटारीला क्षणभरच काम करायचं असेल तर तिच्या कुवतीपेक्षा कितीतरी जास्त भार तिच्यावर टाकता येतो, हे त्यांना तिथं उमगलं होतं. स्टार्टर आजही त्याच हिशेबावर चालतो. म्हणूनच सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारत बसू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये त्याला थंड व्हायला वेळ द्यावा.

आता बारीक वायरीचा रस्ता बघू, कारण खोड्या तिथंच जास्त असतात. बॅटरीवरून निघालेला करंट आधी एका फ्यूजमधून किल्लीच्या स्विचवर येतो. तिथून तो क्लचच्या स्विचमधून जातो (ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये आहे का हे बघणाऱ्या स्विचमधून) आणि रिलेच्या कॉइलला पोचतो. रिले म्हणजे फ्यूज बॉक्समधली काडेपेटीहून लहान चौकोनी डबी, म्हणजे परत तेच विहिरीवरच्या स्टार्टरचं धाकटं भावंड. तिच्या कॉइलला अँपिअरचा पाचवा-सहावा हिस्सासुद्धा पुरतो. रिलेने जोड जुळवला की दुसऱ्या एका फ्यूजमधून आलेला करंट बारीक वायरीने सोलेनॉइडवर जातो. गाडीगणिक क्रम थोडा बदलतो. काही गाड्यांत क्लचचा स्विच रिलेच्या अर्थिंगच्या बाजूला (करंट बॅटरीच्या मायनसकडं परततो त्या बाजूला) असतो आणि नव्या गाड्यांत मध्ये कॉम्प्युटर बसलेला असतो. पण साखळी हीच, आणि तिची एक कडी तुटली तरी परिणाम एकच: किल्ली फिरते, इंजिन फिरत नाही.

व्होल्ट मोजायचा मीटर हातात घेण्याआधी कान आणि डोळे वापरावेत. केबिनमधला दिवा लावा आणि किल्ली फिरवून धरा. दिवा एकदम मंद झाला आणि इंजिन ‘घर्र… घर्र…’ करत जेमतेम फिरलं, तर बॅटरी उतरली आहे किंवा जाड वायरीत कुठंतरी जोड खराब आहे. दिवा पूर्ण विझला, तर बहुतेक वेळा बॅटरीचं टर्मिनलच सैल किंवा गंजलेलं असतं. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज आला, तर व्होल्टेज कमी पडतंय. सोलेनॉइड ओढतं, मोटारला करंट जाताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सोडून देतं, व्होल्टेज वर येतं आणि ते पुन्हा ओढतं. विहिरीवरचा फडफडणारा स्टार्टर तो हाच. एकच जड ‘ठक्क’ आवाज येऊन शांतता झाली, तर हुकूम पोचला आहे. दोष सोलेनॉइडच्या आतल्या जोडात, मोटारीत किंवा जाड वायरीत शोधायचा. मोटार सुसाट फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, तर दातेरी चाकाचा भाग झिजलाय. तो वायरिंगचा प्रश्नच नाही.

आणि दिवा जराही मंद होत नाही, काही आवाज नाही किंवा माझ्यासारखी नुसती बारीक ‘टिक’ आहे, तर जाड वायरीतून काही गेलेलंच नाही. बारीक वायरीच्या रस्त्यात हुकूम अडला आहे. ती टिक रिलेची. म्हणजे किल्ली, क्लचचा स्विच आणि रिलेची कॉइल इथपर्यंतचं सगळं ठीक, घोटाळा त्याच्या पुढं. घाटमाथ्यावर मला एवढं कळत असतं तर नवी बॅटरी घ्यायला मी गेलोच नसतो.

तरीही बॅटरी मोजून घ्यावीच, कारण बाकी सगळी मोजणी तिच्या आकड्याशी ताडायची असते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण उभ्या गाडीतला आकडा अर्धीच हकिकत सांगतो. सेल्फ फिरत असताना तो साडेनऊच्या खाली जायला नको. कुणीतरी आत बसून किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने मीटर बघावा.

दुरुस्तीतली सर्वांत जास्त चूक कुठं होते, ते आता सांगतो. ती मीही केली होती. स्टार्टरवर येणारी बारीक वायर मी काढली, किल्ली फिरवायला सांगितली आणि वायरीच्या टोकाला मीटर लावला. १२.२ व्होल्ट. मी निष्कर्ष काढला, करंट येतोय, म्हणजे स्टार्टरच खराब. गल्लीतले एक म्हातारे वायरमन काका हे बघत उभे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “वायर काढून मोजलंस व्हय? लावून मोज की.”

वायर परत लावली, जोडाच्या मागच्या बाजूने मीटरची पिन आत सरकवली, किल्ली फिरवली. ६.८ व्होल्ट. बॅटरीवर त्याच क्षणी १२.३.

तीच वायर, तीच किल्ली. मग फरक कशाने पडला? गच्चीवरच्या टाकीचा पाइप आतून क्षाराने भरत आलेला असतो, तेव्हा नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो. दाबाचं मीटर लावलं तर तेही सगळं ठीक म्हणेल. नळ उघडला की करंगळीएवढी धार. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, म्हणून वायर मोकळी ठेवून मोजणं म्हणजे बंद नळाचा दाब मोजणं. वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या असल्या आणि एकच केसाएवढी तार धरून असली, तरी मीटर बारा व्होल्टच दाखवणार.

हिशेब मांडून बघू. सोलेनॉइडच्या कॉइलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, समजा अर्धा ओहम आहे. वाटेतल्या गंजलेल्या जोडानेही अर्धा ओहम रोध केला, तर बारा व्होल्ट दोघांत सारखे वाटले जातात. सहा जोड खातो, कॉइलला उरतात सहा. सहा व्होल्टवर दांडा ओढला जात नाही. असा अर्धा ओहम मीटरच्या ओहमवर ठेवून पकडणं कठीण, कारण साध्या मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२ ते ०.५ दाखवतो. जाड वायरीत तर याहून कमी रोधही घात करतो. दीडशे अँपिअर वाहत असताना टर्मिनलखालच्या पांढऱ्या बुरशीने फक्त ०.०२ ओहम रोध केला, तरी तीन व्होल्ट तिथंच संपतात. म्हणून इथं रोध मोजायचा नाही, ओझं असताना व्होल्ट कुठं हरवतात ते मोजायचं.

त्याची रीत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन्ही पिना एकाच रस्त्याच्या दोन टोकांना लावायच्या, उदाहरणार्थ एक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी स्टार्टरवरच्या जाड बोल्टवर, आणि मग किल्ली फिरवायची. मीटरवर दिसतील तेवढे व्होल्ट त्या टप्प्यात वाया जात आहेत. जाड वायरीच्या सगळ्या वाटेत मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाऊ नयेत. अर्थिंगच्या बाजूलाही हेच करायचं, बॅटरीच्या मायनसपासून स्टार्टरच्या बॉडीपर्यंत. ही बाजू लोक विसरतात. करंट जेवढा जातो तेवढा परतही यावा लागतो, आणि इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी खाली चिखलपाण्यात कुजत असते. फक्त एक सावधगिरी: शून्य व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगलीच, असं नाही. पुढं कुठंतरी रस्ता पूर्ण तुटला असेल तर करंटच वाहत नाही आणि करंट वाहत नसेल तर काही हरवतही नाही. उलट पूर्ण बारा व्होल्ट दिसले, तर तुटलेली जागा त्या दोन पिनांच्या मधेच आहे.

माझ्या गाडीत काका एकेक टप्पा मागं सरकत गेले. रिलेपासून निघालेल्या वायरीवर जवळजवळ पूर्ण व्होल्ट. स्टार्टरच्या वीतभर अलीकडं एक जोड होता, त्याच्या दोन बाजूंना पिना लावल्या आणि किल्ली फिरवली: ४.९. जोड उघडला तर पितळी पिनेभोवती हिरवट-निळी भुकटी, आणि वायरीचं वेष्टन बोटभर सोललं तर आतलं तांबं काळं पडलेलं. ही जागा इंजिनच्या खाली, पुढच्या चाकाचं पाणी उडतं तिथं. दोन पावसाळ्यांनी तेवढं केलं होतं.

मग बाकीच्या कोड्यांचीही उत्तरं मिळाली. नव्या बॅटरीने गाडी का सुधारली? जुनीपेक्षा तिचं व्होल्टेज थोडं जास्त होतं, तेवढ्याने कॉइलला काठावर पास होण्याइतका जोर मिळाला. गंज वाढला तसा तोही पुरेना. स्टार्टर उतरवून बसवल्यावर का सुधारली? जोड काढताना-घालताना पिना एकमेकींवर घासल्या, वरचा गंज थोडा खरवडला गेला आणि काही दिवस वाट मोकळी झाली. श्रेय मिळालं नव्या कार्बनना. आणि घाट चढून आल्यावरच का रुसायची? तांबं तापलं की त्याचा रोध अंशाअंशाला वाढतो, ३० अंशांचा १०० झाला तर सुमारे पाव पटीने. तापलेल्या कॉइलमधून करंट कमी वाहतो आणि तिची ओढ कमी होते. सगळं ठाकठीक असलेल्या गाडीत एवढी तूट खपून जाते, आधीच अर्धपोटी असलेल्या कॉइलला ती झेपत नाही. ‘गरम झाली की सेल्फ घेत नाही, थंड झाली की घेते’ असं कुणी सांगितलं की मी आता आधी त्या बारीक वायरीकडं बघतो.

काळी पडलेली वायर कापून नवी जोडली, नवीन पिना दाबून बसवल्या, वर ग्रीस लावलं. नंतर सेल्फ फिरत असताना बॅटरीवर १०.६ आणि बारीक वायरीवर १०.१ मिळाले. एवढा फरक चालतो.

ज्यांच्या गाडीत टिकसुद्धा येत नाही, त्यांनी रिलेपासून सुरुवात करावी. रिले साधारण साखळीच्या मधोमध असतो, त्यामुळे तिथं उभं राहिलं की एका चाचणीत निम्मी वायरिंग निर्दोष ठरते. फ्यूज आधी बघून घ्या. मग फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा नकाशा बघून सेल्फचा रिले ओळखा आणि शेजारी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, हॉर्नचा वगैरे, तर अदलाबदल करून बघा. गाडी चालू झाली तर काम झालं.

नाही झाली, तर रिले काढून त्याच्या सॉकेटकडं बघा. बऱ्याच रिलेंवर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. हे जर्मन मानकातले आकडे आहेत. ३० म्हणजे बॅटरीकडून आलेला करंट, ८७ पुढं सोलेनॉइडला जाणारा, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. त्याच मानकात सोलेनॉइडवरच्या बारीक वायरीचा नंबर ५०. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर ओढलेला, याची दोनदा खात्री करून अडीच एमएमच्या वायरीत फ्यूज घालून ३० आणि ८७ ही दोन घरं क्षणभर जोडायची. सेल्फ फिरला, तर रिलेच्या पुढचं सगळं निर्दोष. दोष किल्ली, क्लचचा स्विच, इमोबिलायझर (किल्लीची ओळख पटल्याशिवाय गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) या बाजूला. नाही फिरला, तर दोष पुढच्या निम्म्यात. मग उरलेल्या निम्म्याचे पुन्हा निम्मे करायचे.

क्लचच्या स्विचची एक आठवण सांगतो. आमच्या आत्याबाईंची गाडी अशीच मुकी झाली होती. गॅरेजवाल्याने किल्लीचा स्विच बदलायला सांगितला होता. मी मागची सीट झाडायला म्हणून पायाखालचं रबरी मॅट उचललं, तर ड्रायव्हरच्या बाजूला पिवळट प्लास्टिकचा चुरा पडलेला, शेंगदाण्याच्या टरफलांसारखा. क्लचच्या पेडलवर एक छोटी प्लास्टिकची टिकली असते. पेडल पूर्ण दाबलं की ती टिकली स्विचची खुंटी दाबते. वर्षं गेली की हे प्लास्टिक ठिसूळ होऊन फुटतं आणि टिकली गेल्यावर पेडलला उरतं भोक. खुंटी त्या भोकात जाते, दाबली जात नाही आणि क्लच दाबलाय हे गाडीला कळतच नाही. टिकली बसवली, गाडी चालू झाली. ऑटोमॅटिक गाडीत याचा भाऊबंद म्हणजे गिअरचा स्विच. ‘पार्क’मध्ये सेल्फ घेत नसेल तर ‘न्यूट्रल’मध्ये टाकून बघा; तिथं घेतला तर चोर सापडला. बटणाच्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ मिळत नाही, म्हणून कुणाला तरी मागं उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का ते बघायचं. लागत नसतील तर आधी ब्रेकचा स्विच बघा. आणि डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह चमकत राहिलं, तर गाडीला किल्लीची ओळख पटलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा.

काही गोष्टी मी कळकळीने सांगतो. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ मारायची पद्धत रस्त्यावर सर्रास दिसते. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती त्याच क्षणी उडी मारते, आणि माणूस तिच्या पुढ्यात किंवा खाली असतो. हे करू नका. बॅटरीजवळ काम करताना अंगठी आणि कडं काढून ठेवा. पान्हा लावायचाच असेल तर मायनस आधी काढा आणि शेवटी लावा. दिव्याचा टेस्ट लॅम्प रिलेनंतरच्या वायरींसाठी उत्तम, कारण २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो आणि अशक्त जोड लगेच उघडा पाडतो. पण तोच दिवा कॉम्प्युटरच्या वायरींना लावू नका, आणि एअरबॅगच्या पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना तर हातही लावू नका.

हे सगळं प्रत्येकाने स्वतः करावं असं माझं म्हणणं नाही. पण गॅरेजमध्ये गाडी नेताना ‘सेल्फ लागत नाही, बघा’ एवढंच सांगू नका. आवाज कोणता येतो, केबिनचा दिवा मंद होतो की नाही, थंड असताना होतं की गरम झाल्यावर, हे सांगा. आणि स्टार्टर बदलावा लागेल असं उत्तर मिळालं, तर बारीक वायर जागेवर लावलेली असताना, किल्ली फिरवून, तिथं किती व्होल्ट मिळतात ते समोर मोजून दाखवायला सांगा. बॅटरीच्या जवळपासचा आकडा आला आणि जाड वायर, अर्थिंगही तपासून झालं असेल, तर खुशाल स्टार्टर उतरवू द्या. सहा-सात आला, तर वायर शोधायला सांगा.